समासात राहिलेली मुले : जगभरच्या सांख्यिकी कार्यालयांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
सर्व देशांच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयांचे प्रमुख आणि आंतरराष्ट्रीय कामगार संख्याशास्त्रज्ञ परिषदेचे प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार २०२४ साली जगात ५ ते १७ वयोगटातील सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत अडकलेली होती आणि त्यांपैकी ५ कोटी ४० लाख मुले धोकादायक कामे करत होती. २००० साली हाच एकूण आकडा २४ कोटी ६० लाख होता. चोवीस वर्षांत तो जवळजवळ निम्म्यावर आला, ही गोष्ट लहान नाही. तिच्यामागे शाळा आहेत, कायदे आहेत, गरीब कुटुंबांच्या हातात थेट पडलेले पैसे आहेत आणि असंख्य कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत, हे मी आरंभीच कृतज्ञतेने नमूद करते. तरीही हे पत्र मी मंत्र्यांना किंवा कारखानदारांना न लिहिता मोजणाऱ्यांना लिहीत आहे. काम करणाऱ्या मुलांचा इतिहास वाचताना आणि काही वर्षे घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरताना माझी खात्री झाली आहे की, मूल काम करते की नाही याचे कागदावरचे उत्तर मुलाच्या कष्टांवर फार थोडे अवलंबून असते. ते कोणी विचारले, कोणाला विचारले, वर्षाच्या कोणत्या महिन्यात विचारले आणि 'काम' या शब्दात काय काय धरले, यांवरच पुष्कळसे ठरते.

एक प्रसंग सांगते. एका नमुना पाहणीत मी ज्या घरी गेले, तिथे दार उघडले ते नऊ-दहा वर्षांच्या मुलीने. तिच्या कडेवर लहान भाऊ होता. वडील बाहेर आले, बसायला दिले आणि मी प्रश्न विचारू लागले. मुलीच्या नावापुढचा प्रश्न असा होता : गेल्या सात दिवसांत या व्यक्तीने मजुरीसाठी, नफ्यासाठी किंवा कुटुंबाच्या उत्पन्नासाठी किमान एक तास काम केले का? वडील म्हणाले, "छे, ती लहान आहे. घरीच असते." ते खोटे बोलत होते असे मला त्या वेळीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आमचे बोलणे चालू असताना ती मुलगी दोनदा पाण्याची भांडी भरून घेऊन आली, मधल्या वेळात भावाला निजवले आणि तिसऱ्यांदा पुन्हा बाहेर पडली. मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. चौकटीखाली सूचना छापलेली होती : उत्तर 'नाही' असल्यास पुढील सदस्याकडे जा. मी पुढील सदस्याकडे गेले.

निघताना ती मला वाटेत भेटली. मी सहज विचारले, तेव्हा तिने सांगितले की आई तण काढायला जाते तेव्हा तीही बरोबर जाते, आणि गेल्या महिन्यात किती दिवस गेली हे तिने बोटांवर मोजून दाखवले. नखांभोवतीची कातडी फाटून काळी पडली होती. तिने सांगितलेले दिवस मी प्रश्नावलीच्या समासात पेन्सिलीने लिहिले. पुढच्या आठवड्यात कागद परत आले ते शेरा घेऊन : समासात काही लिहू नये, प्रत स्वच्छ करून द्यावी. मी प्रत स्वच्छ करून दिली. ज्या कार्यालयासाठी मी काम करत होते, त्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. नियम तसाच होता आणि बहुतेक ठिकाणी अजून तसाच आहे. पण ती मुलगी त्या वर्षीच्या आकड्यात नाही, एवढे मला नक्की माहीत आहे, कारण ती आकड्यातून माझ्याच हाताने वगळली गेली.

ही वगळण्याची रीत फार जुनी आहे. कारखाने येण्याआधीही मुले राबतच होती : शेतात, गुरांमागे, घरातल्या चरख्यावर आणि मागावर, दुसऱ्याच्या घरी उमेदवारीत, म्हणजे धंदा शिकण्यासाठी राहून. त्या शतकांविषयी टक्केवारी सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण तेव्हा कोणी मोजलेच नव्हते. ब्रिटनमध्ये पहिली जनगणना १८०१ साली झाली आणि प्रत्येक व्यक्तीचा व्यवसाय नोंदवायला १८४१ साली सुरुवात झाली. त्या १८४१ च्या जनगणनेत प्रगणकांना दिलेली सूचना आपण सर्वांनी एकदा वाचावी अशी आहे. पत्नींचा, तसेच जे मुलगे-मुली आई-वडिलांजवळ राहून त्यांना मदत करतात, पण उमेदवारीत नाहीत आणि वेतन घेत नाहीत, त्यांचा व्यवसाय लिहिण्याची गरज नाही, असे तीत म्हटले होते. म्हणजे घरच्या मागावर बसलेला मुलगा आणि घरच्या शेतात वाकलेली मुलगी यांच्या नावापुढचा रकाना नियमानेच कोरा राहिला. माझ्या प्रश्नावलीतली 'पुढील सदस्याकडे जा' ही सूचना त्याच सूचनेची नात आहे.

योगायोग असा की, ज्या काळात ती जनगणना झाली, त्याच काळात त्याच देशात मुलांच्या कामाची चौकशी करणारा एक सरकारी आयोग वेगळ्या पद्धतीने काम करत होता. १८४० साली नेमलेल्या या आयोगाचे उपआयुक्त खाणींवर गेले, खाली उतरले आणि मुलांशी बोलले. १८३८ च्या जुलैत यॉर्कशरमधल्या सिल्कस्टोन गावाजवळ हस्कर खाणीत पावसाचे पाणी शिरून २६ मुले बुडून मेली होती. वयाने ती ७ ते १७ वर्षांची होती. तो धक्का ताजा होता. कोळशाच्या खाणीत हवा खेळती राहावी म्हणून आत दारे बसवलेली असत. कोळशाचा गाडा आला की दार उघडायचे आणि गेला की लावायचे, हे काम दोरी धरून अंधारात बसलेल्या लहान मुलांकडे असे. आठ वर्षांच्या सारा गूडरने उपआयुक्ताला सांगितलेले शब्द १८४२ च्या अहवालात छापले गेले. ती म्हणाली : "मी गॉबर खाणीत दार सांभाळते. त्याने मी दमत नाही, पण उजेडावाचून दार सांभाळावे लागते आणि मला भीती वाटते. मी पहाटे चारला, कधी कधी साडेतीनलाच जाते आणि [संध्याकाळी] पाच, साडेपाचला बाहेर येते. मी कधीच झोपत नाही. उजेड असला की कधी कधी गाणे म्हणते, पण अंधारात नाही. तेव्हा गायचे धाडस होत नाही."

या जबानीकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. 'कामाने थकवा येतो का?' असा एकच प्रश्न छापील कागदावर असता, तर या मुलीचे उत्तर 'नाही' असे नोंदले गेले असते आणि ते खरेच असते. त्या उत्तराच्या पुढे जे आले ते, म्हणजे अंधार, भीती, पहाटेची साडेतीनची वेळ आणि तोंडातच अडकलेले गाणे, विचारणारा थांबून ऐकत होता म्हणून आले. आयोगाने मुलांचे शब्द जसेच्या तसे छापले आणि सोबत खाणीतल्या कामाची चित्रे दिली. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून सर्व स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालच्या कामाला बंदी केली. ज्यांचा व्यवसाय लिहायची गरज नाही असे जनगणनेने ठरवले, त्याच वयाच्या मुलांच्या बोलण्याने काही महिन्यांत कायदा बदलला.

कायद्यांचा इतिहास आपणांस ठाऊक आहे, म्हणून तो मी लांबवत नाही. ब्रिटनच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि देखरेखीसाठी साऱ्या देशाला मिळून चार निरीक्षक दिले; प्रशियाने १८३९ साली, फ्रान्सने १८४१ साली आणि भारतात तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने १८८१ साली आपापले पहिले नियम केले. यांत मोजणीच्या दृष्टीने एकच गोष्ट मला थांबून सांगावीशी वाटते, ती वयाची. इंग्लंडमध्ये जन्माची नागरी नोंदणी १८३७ साली सुरू झाली. त्याआधी एखादे मूल नऊ वर्षांचे आहे की सात, हे डॉक्टरने त्याची चण पाहून ठरवायचे, आणि पुढे कोणी तरी दात मोजून वय काढायचीही सूचना केली. ज्याच्या जन्माची नोंद नाही, त्याच्यासाठी किमान वयाचा कायदा असून नसल्यासारखा असतो. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंद झालेली नाही. पुढच्या दहा वर्षांत यांतली जी मुले कामाला लागतील, त्यांचे वय आपला प्रगणक कशावरून लिहिणार आहे?

नोंद नसली की कायद्याचे काय होते, हे धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. या मुलांना अरुंद धुराड्यांतून वर चढवून काजळी खरवडायला लावत. त्या काजळीमुळे पुढे कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ सालीच दाखवून दिले होते. आठ वर्षांची अट घालणारा कायदा १७८८ साली झाला, १८४० साली २१ वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यास बंदी झाली आणि १८६४ साली शिक्षा वाढवण्यात आली. तरी मुले चढतच राहिली. १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे प्रत्येक धुराडेवाल्याने पोलिसांकडे नोंद करून परवाना घ्यावा असा कायदा झाला आणि ही प्रथा थांबली. बंदी आणि तिची अंमलबजावणी यांच्यामध्ये पस्तीस वर्षे गेली. त्या पस्तीस वर्षांत किती मुले मेली, हे कोणालाही सांगता येणार नाही.

अमेरिकेची गोष्ट आपल्या कामाच्या आणखी जवळची आहे. तिथल्या १९०० च्या जनगणनेने १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाख मुले कामावर असल्याचे सांगितले, म्हणजे त्या वयाच्या दर सहा मुलांमागे एकाहून अधिक. त्या आकड्यातून १९०४ साली राष्ट्रीय बालमजुरी समिती उभी राहिली. १९०८ पासून लुइस हाइन हा छायाचित्रकार तिच्यासाठी गिरण्या, खाणी आणि डबाबंद मालाच्या कारखान्यांत फिरू लागला. त्याला आत सोडत नसत. आपल्या कोटाचे प्रत्येक बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याने मोजून ठेवले होते. मूल शेजारी उभे राहिले की त्याची उंची त्याला कळे, आणि वय, तास व मजुरी यांची टिपणे तो खिशात हात घालून, न पाहता करी. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. मोजणीचे साधन अंगावर वागवणारा आणि मुलाशी त्याच्या उंचीवर येऊन बोलणारा प्रगणक कसा असतो, हे त्याच्याकडून शिकावे.

पण त्याच देशाच्या जनगणनेने पुढे काय केले तेही पाहा. १९१० ची गणना १५ एप्रिलला झाली होती, शेतीची कामे सुरू झालेली असताना, आणि कुटुंबाच्या शेतात राबणाऱ्यांची नोंद नीट करावी अशी विशेष सूचना त्या वेळी दिलेली होती. त्या वर्षी काम करणारी मुले सुमारे २० लाख भरली. १९२० ची गणना १ जानेवारीला झाली, ऐन थंडीत, आणि सूचनाही बदललेली होती. मुलांचा आकडा साडेदहा लाखांच्या आसपास उतरला. त्या दहा वर्षांत राज्यांचे कायदे कडक झाले होते, शाळा वाढल्या होत्या आणि खरोखरचीही घट झाली होती, यात शंका नाही. मात्र त्या घटीतला किती भाग कायद्याचा आणि किती भाग जानेवारी महिन्याचा, हे आज शंभर वर्षांनीही नेमके वेगळे करता येत नाही. तिथला १९३८ चा देशव्यापी कायदाही शेताच्या बांधापाशी सैल पडतो : आई-वडिलांच्या संमतीने बारा वर्षांचे मूल शाळेच्या वेळाबाहेर दुसऱ्याच्या शेतात मजुरी करू शकते, ही सवलत त्यात आजही आहे. बालमजुरी म्हणजे केवळ गरीब देशांचे दुखणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आजच्या मोजणीकडे येते. २००८ साली आपल्याच अठराव्या कामगार संख्याशास्त्रज्ञ परिषदेने बालमजुरीच्या आकडेवारीचा ठराव केला, ही मोठीच सुधारणा होती. तिच्यामुळे देशादेशांचे आकडे शेजारी ठेवता येऊ लागले. जागतिक अंदाजांत आज जी रीत आहे, तीनुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलाने आठवड्यात एक तास जरी आर्थिक काम केले तरी ते मोजले जाते. १२ ते १४ वर्षांसाठी ही मर्यादा १४ तासांची आहे. १५ ते १७ वर्षांसाठी धोकादायक काम किंवा ४३ तास. मात्र स्वतःच्या घरातला स्वयंपाक, धुणे, झाडलोट आणि भावंडे सांभाळणे हे 'आर्थिक' काम नाही म्हणून मुख्य आकड्यात येत नाही. २०२० च्या अंदाजांत बालमजुरीत मुलींपेक्षा मुलगे बरेच अधिक दिसतात. परंतु त्याच अहवालात आठवड्याला २१ तास किंवा त्याहून अधिक घरकाम करणारी मुले धरली, तेव्हा हा फरक जवळजवळ निम्म्याने कमी झाला. म्हणजे मुली कमी राबतात असे नाही, त्या आपल्या व्याख्येच्या उंबरठ्याच्या आत राबतात.

आणि जे व्याख्येच्या आत आहे, तेही नेहमी मोजले जात नाही. राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या हिशेबाच्या, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घरासाठी पाणी वाहून आणणे आणि सरपण गोळा करणे हे उत्पादनातच मोडते. तरी कित्येक पाहण्यांत ही दोन्ही कामे घरकामाच्या यादीत टाकलेली असतात आणि तिथून मुख्य आकड्यापर्यंत ती कधी पोचत नाहीत. मी भेटलेली ती मुलगी नियमाने बालमजूर ठरायला तिने वाहून आणलेले पाणीच पुरेसे होते. मला ते माहीत नव्हते, कारण प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत कोणी सांगितले नव्हते.

२०२४ च्या अंदाजानुसार काम करणाऱ्या मुलांपैकी ६१ टक्के शेतीत आहेत. २०२० च्या अंदाजानुसार ७२ टक्के मुलांचे काम स्वतःच्या कुटुंबातच चालते. कारखान्याच्या दारात उभा राहणारा निरीक्षक यांतल्या बहुतेकांपर्यंत कधीच जाणार नाही. जाणार असेल तर तो आपला प्रगणकच. कोकोचे उदाहरण घ्या. चॉकलेट उद्योगाने २००१ साली करारावर सह्या करून कोकोच्या मळ्यांतली सर्वांत वाईट स्वरूपाची बालमजुरी २००५ पर्यंत संपवण्याचे वचन दिले होते. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१८-१९ च्या हंगामात कोत दिव्वार आणि घाना या दोन देशांत मिळून सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या कामात बालमजुरी करत होती. वचन पाळले गेले नाही, हे जगाला कळले ते कोकोच्या हंगामाला धरून, मुलांकडे जाऊन, कोयता वापरता का, ओझे वाहता का, फवारणी करता का असे एकेक काम विचारले म्हणून. 'मूल काम करते का?' या प्रश्नाला घराघरांत 'नाही' असेच उत्तर येते. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केले?' असे विचारले की दिवस उलगडतो.

ज्यांना घरच नाही किंवा जी दुसऱ्याच्या घरात राहतात, त्या मुलांविषयी थोडेच लिहिते, कारण त्यांच्याविषयी हाती फार थोडे आहे. घरगुती पाहणी घरांची यादी करून सुरू होते. रस्त्यावर झोपणारे मूल त्या यादीत नसते. दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवलेली मुलगी पुष्कळदा 'नातेवाईक' म्हणून लिहिली जाते. २०१२ साठीच्या अंदाजानुसार परक्या घरात घरकाम करणारी मुले १ कोटी ७२ लाख होती आणि त्यांत मुलींचे प्रमाण दोन तृतीयांश होते.

मोजल्याने काय साधते, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्यांना मी बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांचे उदाहरण देते. १९९० च्या दशकाच्या आरंभी मुलांनी केलेल्या मालाची आयात बंद करणारे विधेयक अमेरिकेत आले आणि केवळ त्या धास्तीने कारखानदारांनी मुलांना भराभर काढून टाकले. युनिसेफच्या अंदाजानुसार ती सुमारे ५० हजार होती. कारखान्यांच्या हजेरीपटावर मुलांचा आकडा झपाट्याने खाली आला. त्या मुलांच्या मागोमाग जे गेले, त्यांना त्यांतली अनेक मुले दगड फोडताना, रस्त्यावर आणि आधीपेक्षा कमी मिळकतीच्या, अधिक धोक्याच्या कामांत सापडली. त्यानंतर १९९५ साली कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला आणि मुलाला काढण्याआधी शाळेत जागा आणि महिन्याची काही रक्कम यांची सोय करावी असे ठरले. कारखान्यातले मूल मोजणे सोपे होते. कारखान्यातून बाहेर पडलेले मूल कुठे गेले, हे मोजले तेव्हा खरा उपाय सुचला.

दुसरा आक्षेप मी अधिक गांभीर्याने घेते. मुलाने घरच्या कामाला हातभार लावला तर त्यात वाईट काय, त्यातून ते शिकते, असे म्हणणारी माणसे वाईट नसतात. माझ्यासमोर बसलेले ते वडीलही त्यांतलेच होते. आठवड्यात चार तास आईबरोबर काम करणारे आणि शाळेत जाणारे मूल यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या करारानेही १३ वर्षांपासून हलक्या कामाला मुभा दिलेली आहे. परंतु हातभार कुठे संपतो आणि राबणे कुठे सुरू होते, हे तास मोजल्यावाचून कसे कळणार? २०२० च्या अंदाजानुसार बालमजुरीतल्या ५ ते ११ वर्षांच्या मुलांपैकी २८ टक्के आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांपैकी ३५ टक्के मुले शाळेत जात नव्हती. उरलेली जात होती, म्हणजे त्यांची नावे पटावर होती. अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत अशी रीत ब्रिटनमध्ये १८४४ पासून पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालली आणि शाळेच्या बाकावर झोपणारी मुले शिक्षकांनी सतत पाहिली. पटावरचे नाव हा मूल मोकळे असल्याचा पुरावा नव्हे.

२०२५ पर्यंत सर्व प्रकारची बालमजुरी संपवू, असे उद्दिष्ट जगातल्या देशांनी २०१५ साली स्वीकारले होते. ते हुकले. आता २०३० पर्यंत ती संपवायची तर वेग अकरा पटींनी वाढवावा लागेल, असे २०२५ चा अहवालच सांगतो. अशा वेळी दर चार वर्षांनी येणारा एक जागतिक आकडा फार उशिरा येतो. २०१६ ते २०२० या काळात आकडा वीस वर्षांत प्रथमच वाढला आणि तो ८४ लाखांनी वाढला, हे आपल्याला जून २०२१ मध्ये समजले. तोवर २०१७ साली आठ वर्षांचे असलेले मूल बारा वर्षांचे झाले होते.

म्हणून माझी आपल्याकडे काही नेमकी मागणी आहे. बहुतेक देशांत श्रमशक्तीची पाहणी दरवर्षी किंवा दर तिमाहीला होतेच, पण ती १५ वर्षांपासून पुढच्या माणसांना विचारते. वर्षातून किमान दोनदा, एकदा शेतीच्या ऐन हंगामात आणि एकदा हंगामाबाहेर, त्याच पाहणीत वयाची मर्यादा ५ वर्षांपर्यंत खाली आणावी. नव्या पाहणीचा खर्च परवडत नाही ही अडचण मला मान्य आहे. प्रगणक घरात आधीच बसलेला असताना आणखी दहा प्रश्न विचारणे मात्र परवडणार नाही असे नाही. त्या दहा प्रश्नांत 'काम' हा शब्द आला नाही तरी चालेल. पाणी, सरपण, गुरे, तण, ओझे, धुणे, लहान भावंड असे एकेक नाव घेऊन तास विचारावेत. घरकामाच्या तासांसह आणि त्यांच्याविना असे दोन्ही आकडे नेहमी शेजारी शेजारी, एकाच तक्त्यात छापावेत, दुसरा आकडा परिशिष्टात ढकलू नये.

उत्तर कोणी दिले, आईने, वडिलांनी, मालकाने की मुलाने, हे नोंदवणारा रकाना प्रत्येक मुलाच्या नावापुढे असावा, आणि जिथे मुलाला इजा होण्याची शक्यता नाही तिथे मुलाला स्वतःला, मोठ्यांच्या नजरेआड पण हाकेच्या अंतरावर, विचारण्याची मुभा आणि प्रशिक्षण प्रगणकाला द्यावे. ही माहिती छापा घालण्यासाठी पोलिसांकडे जाणार नाही, अशी हमी लेखी असावी. ती नसेल तर पुढच्या वेळी दारे बंद होतील आणि तो दोष दार लावून घेणाऱ्यांचा नसेल.

शेवटची मागणी लहान आहे, पण ती पुढच्या परिषदेत कोणी तरी मांडावी अशी माझी फार इच्छा आहे. प्रत्येक मुलाच्या रकान्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. मूल आपण होऊन जे सांगेल, ते त्याच्याच शब्दांत तिथे लिहावे. त्याला संकेतांक देऊ नये, ते कोणत्या वर्गात बसते हे प्रगणकाने ठरवू नये आणि पर्यवेक्षकाने ते खोडायला सांगू नये. त्या ओळींचे पुढे काय करायचे हे आपण ठरवाल, आपल्यापाशी माझ्यापेक्षा अधिक ज्ञान आहे. मला फक्त एवढे हवे आहे की, पुढच्या पाहणीत एखाद्या मुलीने वाटेत थांबून आपले दिवस बोटांवर मोजले, तर ते लिहायला माझ्या जागी गेलेल्या प्रगणकाकडे जागा असावी.

आपली विश्वासू,
एक माजी प्रगणक